चार मिनिटांचं कुलूप

“अरे, कानस आहे ती, दाढीचा ब्रश नव्हे! पुढे नेताना दाब, मागे आणताना उचल. मागे घासलीस तर तिचेच दात जातात.”

दामोदरकाका गद्रे शेडच्या दारात, बरोब्बर दीड मीटरवर खुर्ची टाकून बसले होते आणि तिथून हुकूम सोडत होते. आत उल्हास मोहोळकर, वय वर्षं सेहेचाळीस, शेगड्यात, म्हणजे टेबलाला जखडलेल्या व्हाइसमध्ये, एक पोलादी काडी घट्ट आवळून तिला कानस मारत होता. काडी म्हणजे अगदी काडीच, वीतभर लांब. नेदरलँड्समधल्या आल्मेरेत खेमेन्तेची, म्हणजे नगरपालिकेची, रस्ते झाडणारी गाडी फिरते. तिच्या गोल ब्रशातून या काड्या गळतात आणि पदपथाच्या कडेला पडून राहतात. कुणी ढुंकून बघत नाही. उल्हास मात्र संध्याकाळी फिरायला निघाला की मान खाली घालून चालायचा आणि चार-सहा काड्या खिशात घालून परतायचा. बायकोला वाटायचं, नवरा उदास झालाय.

तसा तो झालाही होता म्हणा. दोन हजार वीस साल कुणाला सुखाचं गेलं? पुण्याच्या एका कंपनीनं त्याला सहा वर्षांपूर्वी इथे पाठवलं, काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि कुणाचं मन न दुखवता त्या कळवायच्या. मार्चात ऑफिस बंद झालं आणि घराच्या माळ्यावर, उतरत्या छपराखाली टेबल मांडून तो दिवसभर स्क्रीनसमोर बसायला लागला. एप्रिलमध्ये मुलीच्या, जुईच्या, सायकलच्या कुलपाची किल्ली हरवली. त्यानं एक व्हिडिओ बघितला आणि तारेच्या दोन तुकड्यांनी ते कुलूप उघडायला घेतलं. अडीच तास लागले, बोटांची सालं निघाली. पण टक् करून ते उघडलं तेव्हा या गृहस्थाच्या डोळ्यांत पाणी आलं. जुई म्हणाली, “बाबा, दॅट्स सो कूल!” चौदा वर्षांच्या मुलीनं वर्षभरात बापाला कूल म्हटलेलं हे एकदाच.

झालं. लागलं वेड.

किल्लीशिवाय कुलूप उघडायची ही हत्यारं इथे राजरोस विकत मिळतात. आपल्या स्वतःच्या कुलपांवर ती चालवणं गुन्हा नाही. शर्यती लावणारे क्लबसुद्धा आहेत, म्हातारे-कोतारे हौसेनं जातात. उल्हासला हे सगळं तोंडपाठ होतं. पण विकतच्यात त्याला गोडी वाटेना. ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या हातानं खिळा ठोकला नव्हता, त्याला आपली हत्यारं आपणच घडवायची होती.

आणि घडवायला शिकवणारा मिळाला तो दामोदरकाकांच्या रूपानं. काका मूळचे मिरजेचे. चौऱ्याहत्तर साली आम्स्टरडॅमच्या गोदीत फिटर म्हणून आले आणि लोखंडात आयुष्य घालवून आल्मेरेत येऊन राहिले. सरलाकाकू चार वर्षांपूर्वी गेल्या. एकुलती मुलगी मृणालिनी मेलबर्नला. तीन गल्ल्या सोडून काका एकटे राहायचे, म्हणून लॉकडाऊन लागल्यापासून उल्हासची बायको शर्मिला त्यांना एक दिवसाआड डबा पाठवायची. डबा नेणारा उल्हास. एकदा त्यानं डब्याबरोबर काडीचं टोक वाकवून केलेली आपली पहिलीवहिली आकडी दाखवायला नेली. काकांनी ती उजेडात धरून बघितली आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

“हिनं कुलूप उघडणार? अरे, हिनं कान कोरलास तरी रक्त येईल!”

तेव्हापासून दर शनिवारी काका सायकलवरून यायचे आणि शेडच्या दारात बसून शिकवायचे. काडी कशी सरळ करायची, टोक किती निमुळतं ठेवायचं, पॉलिश पेपर आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. पोलाद निळं पडेपर्यंत तापलं की त्याचा जीव गेला, टाकून द्यायचं. उल्हासनं पहिल्या दोन महिन्यांत चाळीस काड्या वाया घालवल्या. एक्केचाळिसावी काकांनी बोटावर घासून बघितली, डोळे मिटले आणि म्हणाले, “हं. आता आलास माणसांत.” उल्हासला कंपनीनं कधी शाबासकी दिली नव्हती असं नाही, पण ती सगळी ईमेलवर होती.

शर्मिलाला हे प्रकरण सप्टेंबरात कळलं. शेडमध्ये कुंडी शोधायला गेली आणि वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेल्या अकरा आकड्या घेऊनच बाहेर आली.

“हे काय आहे, उल्हास?”

त्यानं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग खुर्चीतच बसली.

“चोराची हत्यारं करतोयस तू घरात?”

“चोराची काय त्यात? छंद आहे. इथे कायद्यानं...”

“कायदा तू पोलिसाला सांग कोपऱ्यावर उभा राहून! आपला सिटिझनशिपचा अर्ज गेलाय गेल्या महिन्यात. पोलिसांकडे काही नाव आहे का, ते सगळं तपासतात. गोऱ्या माणसाच्या खिशात निघाली तर छंद. आपल्या खिशात निघाली की काय म्हणतील, तूच विचार कर. सहा वर्षं काढलीत मी इथे. आले तेव्हा घरात नुसती बसून होते, भाषा शिकले, पाळणाघरात लोकांच्या पोरांचे लंगोट बदलले. तुझ्या या काड्यांपायी ते सगळं मातीत जायला नको.”

“बरं, बाहेर नाही नेणार.”

“जुईची शपथ घे.”

“शर्मिला, काहीतरीच काय!”

“घे म्हणते ना.”

त्यानं घेतली. मुलीची शपथ घ्यायची म्हटल्यावर आपल्याकडचा भलाभला शिकलेला माणूस आतून टरकतो, तसा उल्हासही टरकला. पण महिन्याभरातच त्यानं स्वतःची समजूत घातली, की काकांकडे नेणं म्हणजे काही बाहेर नेणं नव्हे. काका घरचेच.

ऑक्टोबरात काकांनी त्याला आव्हानच दिलं. “शेडमधली कुलुपं पुरे झाली. माझं पुढचं दार उघडून दाखव. मी दोनदा किल्ली फिरवून लावतो, मिरजेची सवय. उघडलंस तर आमरस पाजतो, डब्यातला का होईना.” आणि काका आत जाऊन कुलूप लावून बसले. पहिल्यांदा उल्हासला अकरा मिनिटं लागली. आतून काकांची टिंगल चालू होती, “चोरा, सकाळ झाली रे!” दुसऱ्या खेपेला सात. तिसऱ्या खेपेला काकांनी घड्याळ लावलं, ती चार मिनिटं भरली. दार उघडलं तेव्हा काका समोरच उभे होते आणि त्यांनी सगळे नियम विसरून त्याच्या पाठीवर थाप मारली. आठ महिन्यांत घराबाहेरच्या कुणाचा हात उल्हासच्या अंगाला लागला नव्हता. काकांच्याही हाताला कुणी लागलं नसणार.

फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलं. त्या रविवारी गाड्या बंद, बस बंद, सायकल तर सोडाच. उल्हासनं काकांना फोन केला.

“डबा नको रे. या वादळात कुठे मरायला निघतोस,” काका म्हणाले. दर दोन शब्दांनी थांबत होते. “सर्दी आहे नुसती. तीन दिवस झाले. बरी होईल.”

“काका, टेस्ट करून घ्या.”

“करू, करू. मृणालला बोलू नकोस हं. तिकडे उगाच जीव खाली-वर करत बसेल. तिला देशाबाहेर सोडत नाहीत, इथे यायला मिळत नाही, सांगून उपयोग काय?”

सोमवारी सकाळी आकाश निवळलं. उणे आठ. शर्मिलानं मुगाची खिचडी, कढी आणि लिंबाचं लोणचं डब्यात भरलं. उल्हास बर्फ तुडवत निघाला तेव्हा साडेनऊ झाले होते. जॅकेटच्या आतल्या खिशात आकड्यांचा छोटा चामडी बटवा होता. आता तो तिथेच असायचा. शपथेचं त्यानं मनावर घेणं सोडून दिलं होतं.

काकांच्या दारापुढचा बर्फ जसाच्या तसा होता, एक पाऊल उमटलेलं नव्हतं. पडदे ओढलेले. बेल दाबली, दोनदा, तीनदा. फोन लावला तर आत वाजताना ऐकू आला, वाजून वाजून बंद झाला. उल्हासनं खाली वाकून दारातली पत्रपेटीची झडप बोटानं उघडली.

“काका! काका, उल्हास आहे मी!”

आतून काहीतरी ऐकू आलं. हाक म्हणावी तर हाक नाही. घशातून ओढून काढल्यासारखा श्वास. थांबला. पुन्हा आला. मग जमिनीवर काहीतरी घासत गेल्यासारखा आवाज.

“काका, दार उघडता येतंय का? नुसतं हं म्हणा.”

पुन्हा तो श्वास.

त्यानं खिशातून फोन काढला. मग त्याच्या मनात आलं, या बर्फात अॅम्ब्युलन्स कधी येणार? आणि हे दार तर चार मिनिटांचं आहे. विचार चुकीचा नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. दार उघडायचं आणि मग फोन करायचा, यात काही वावगं नव्हतं. त्यानं हातमोजे काढून खिशात कोंबले, डबा पायरीवर ठेवला, बटवा काढला आणि गुडघे टेकून कामाला लागला. बोटं बधिर झालेली, तरी हाताला ते कुलूप ओळखीचं होतं. कुलपातली पहिली खुंटी बसली; सहाही बसल्या की दार उघडणार. दुसरी. तिसरी जरा अडली, मग तीही बसली. चौथी बसली तेव्हा फार तर दोन मिनिटं झाली असतील. राहिल्या दोन.

“मेनेर! अहो, काय चाललंय तिथे?”

शेजारच्या घराची वरची खिडकी उघडली होती आणि तिथून पांढऱ्या केसांची डच बाई खाली बघत होती. विल्मा तिचं नाव, काका नेहमी घ्यायचे. उल्हासचा हात दचकला, कुलपावरचा ताण सुटला आणि बसलेल्या चारही खुंट्या खाली पडल्या.

तो मान वर करून बघत राहिला, आणि त्याला तिच्या डोळ्यांनी स्वतःचाच अवतार दिसला. काळं जॅकेट, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, सावळं कपाळ. एकट्या म्हाताऱ्याच्या दाराशी गुडघ्यांवर, हातात पोलादी आकडी. शर्मिला आठवली. जुईची शपथ आठवली. कुठल्या तरी कचेरीत कुणाच्या तरी टेबलावर पडलेला आपला अर्ज आठवला.

“काही नाही,” तो डचमध्ये म्हणाला. “काही नाही. जेवण द्यायला आलो होतो.”

अरे माणसा! दोन शब्द बोलायचे होते. आत म्हातारा आजारी आहे, एवढे. पाळण्यातल्या पोरालाही समजावं इतकं सोपं. सहा वर्षांत तेवढी डच त्याला येत होती, परीक्षा पास झाला होता. पण भीतीनं एकदा माणसाची मानगूट पकडली की त्याची जीभ त्याची राहत नाही. त्यानं बटवा खिशात कोंबला, डबा तिथेच पायरीवर सोडला आणि निघाला. धावला नाही. धावलं तर संशय येईल, एवढं भान होतं त्याला.

विल्मा थोडा वेळ बघत राहिली आणि तिनं खिडकी लावून घेतली.

घरी येऊन तो थेट माळ्यावर गेला. सव्वादहाची मीटिंग होती. एकेकानं आपलं काम सांगितलं. त्याची पाळी आली तेव्हा तो रोजचंच वाक्य बोलला, “माझ्याकडे अडचण काही नाही.” मग एकशे बारा हा मदतीचा आकडा त्यानं फोनवर तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. विचारतील, तुम्हाला कसं कळलं? विचारतील, शेजारीण म्हणते तुम्ही कुलपाशी काय करत होता? एवढ्यात तो स्वतःला सांगायला लागला होता, की काका झोपले असतील. घोरत असतील. सर्दीत माणूस घोरतोच. विल्मा बाजारात गेली की परत जाऊ, चार मिनिटांचं तर काम. बर्फात कुठली ती बाजारात जाते! तरी तो अकरा वाजेपर्यंत हेच म्हणत होता, आणि बारा वाजेपर्यंत.

सव्वाबाराला शर्मिलानं जेवायला हाक मारली. पानं वाढता वाढता तिनं विचारलं, “काका कसे आहेत?”

“आहेत.”

“आहेत म्हणजे? काय म्हणाले?”

उल्हासनं घास उचलला आणि परत ताटात ठेवला.

“दार उघडलं नाही त्यांनी.”

“मग?”

“आत श्वास ऐकू येत होता. घरघर. मी कुलूप उघडत होतो माझ्या... माझ्याजवळ होती ती. तर शेजारीण ओरडली. मी परत आलो.”

शर्मिलाच्या हातातली कढीची वाटी तशीच राहिली. “किती वाजता?”

“पावणेदहा.”

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्याला वाटलं, आता ही हत्यारांवरून, शपथेवरून बोलणार. ती त्यातलं काहीच बोलली नाही. टेबलावरचा फोन उचलून तिनं एकशे बारा लावला आणि पाळणाघरात शिकलेल्या मोडक्यातोडक्या डचमध्ये, एकेक शब्द ठणकावून, पत्ता सांगितला. मग बूट चढवतानाच ओरडली, “ऊठ! बसलायस काय?”

ते दोघं पोचेपर्यंत पोलिसांची गाडी आलेली होती. एक तरुण पोलीस दार ठोठावत होता. तेवढ्यात शेजारच्या दारातून विल्मा बाहेर आली, घरातल्याच सपाता घालून, बर्फात घसरत. तिच्या हातात किल्ली होती.

“थांबा, तोडू नका! त्यांची किल्ली माझ्याकडे असते.” मग तिला उल्हास दिसला आणि ती थबकली. “तुम्ही सकाळी बोलला का नाहीत? मला वाटलं, किल्ली अडकली असेल, मदत हवी का म्हणून विचारत होते मी. सरला गेली तेव्हापासून माझ्याकडे असते त्यांची किल्ली.”

पोलिसानं किल्ली घेतली. दोनदा फिरवली. दार उघडलं, पण पुरतं उघडेना, कारण काका दाराच्या आतच होते. जिन्याच्या पायथ्यापासून तिथपर्यंत गालिचा गोळा होत आलेला. अंगात निळा स्वेटर आणि पायजमा, एका पायात मोजा नाही. सरपटत ते दाराशी आले होते. कुणीतरी उंबऱ्याबाहेरून ‘दार उघडता येतंय का’ म्हणून विचारलं होतं ना त्यांना!

अॅम्ब्युलन्सच्या बाईनं सगळं करून बघितलं. मग ती टाचांवर बसली आणि तिनं घड्याळ बघितलं. पोलिसाला ती हळूच म्हणाली, पण उल्हासला ऐकू गेलं, “फार वेळ झालेला नाही. तासभर. शरीर अजून गरम आहे.” शर्मिलानं तोंडाला पदर लावावा तसा ओढणीचा बोळा लावला आणि ती पायरीवर, डब्याच्या शेजारी बसली.

पोलिसानं वही काढली. काही विचारायच्या आधीच उल्हासनं खिशातून बटवा काढून त्याच्यापुढे धरला.

“मी सकाळी यानं दार उघडत होतो. पावणेदहाला. ते जिवंत होते.”

पोलिसानं बटवा उघडला. एक आकडी काढून उन्हात धरली, अगदी काका धरायचे तशी.

“स्वतः बनवल्यात?”

“हो.”

“छान आहेत,” तो म्हणाला आणि बटवा परत दिला. “मग थांबलात कशाला?”

त्या प्रश्नात दरडावणी नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं. उल्हासनं बटवा परत खिशात घातला. पोलिसानं वहीत काहीतरी लिहून पान उलटलं. पुढे कुणी त्याला बोलावलं नाही, कुणी काही विचारलं नाही. नागरिकत्वाचं पत्रसुद्धा मार्चात आलं, बिनबोभाट. ज्या भीतीपायी एक माणूस गेला, ती भीती मुळात कुठे नव्हतीच. त्याच्या डोक्याबाहेर तिला जागाच नव्हती.

मंगळवारी मृणालिनीचा व्हिडिओ कॉल आला. रडून रडून चेहरा सुजलेला. ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायच्या परवानगीला आठवडे लागणार होते.

“उल्हासदादा, मी येऊ शकत नाही. बाबांना अग्नी तुम्हीच द्या. तुमच्याबद्दल किती बोलायचे ते. दर रविवारी. म्हणायचे, मला म्हातारपणी मुलगा झालाय, जरा मठ्ठ आहे पण हात चांगलाय.” ती रडता रडता हसली. “द्याल ना?”

तो “हो” म्हणाला. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला.

दोन दिवस त्याला अन्न गेलं नाही. गुरुवारी तो शर्मिलाला म्हणाला, “मी मृणालिनीला सांगणार आहे.”

“नको सांगूस,” शर्मिला म्हणाली. तिनंही दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. “शपथ मी घ्यायला लावली, तेव्हा माझंही पाप आहे त्यात. ते आपण दोघं भोगू. पण तिला सांगून काय होणार? तुझं मन हलकं होईल आणि तिचं जन्माचं जड.”

“ती मला अग्नी द्यायला सांगतेय, शर्मिला. मी कोण आहे हे तिला ठाऊकच नाही.”

शर्मिलानं जुईला खाली बोलावून घेतलं आणि जिन्याचं दार ओढून घेतलं.

त्यानं मृणालिनीला सगळं सांगितलं. पावणेदहा. श्वास. चार खुंट्या. खिडकी. मीटिंग. सव्वाबारा. विल्माकडची किल्ली. अॅम्ब्युलन्सची बाई म्हणाली तेही. एका शब्दानं कमी केलं नाही, स्वतःच्या बाजूनंही काही बोलला नाही. ती स्क्रीनवर हलत नव्हती. त्याला वाटलं, इंटरनेट अडकलं.

“ऐकतेयस ना?”

“ऐकतेय.”

“मी... दुसऱ्या कुणाला सांगायचं असेल तुला अग्नीचं, तर...”

“ते दाराशी आले होते?” तिनं विचारलं. “तुम्ही हाक मारलीत म्हणून?”

“हो.”

स्क्रीन काळी झाली. तिनं परत फोन केला नाही. शुक्रवारीही नाही. त्यानं एक मेसेज पाठवला, विधी सकाळी नऊला आहे म्हणून. त्यापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही.

शनिवारी स्मशानगृहात पाचच माणसं होती. उल्हास, शर्मिला, जुई, विल्मा आणि गोदीतला काकांचा एक जुना सोबती, काठी टेकत आलेला. एकमेकांत खुर्च्या सोडून बसलेली. तिथल्या माणसानं एका स्टँडवर टॅबलेट लावून ठेवला होता. नऊला दोन मिनिटं कमी असताना त्यात मृणालिनी दिसली. पांढरी साडी, केस बांधलेले. तिकडे संध्याकाळ होती, उन्हाळ्यातली, तिच्यामागच्या भिंतीवर पिवळं ऊन पडलं होतं. ती कुणाशी बोलली नाही. उल्हासनं आदल्या दिवशी पाठ केलेले श्लोक म्हटले, दोनदा चुकला. शर्मिलानं काकांच्या शवपेटीवर तुळशीची चार पानं ठेवली, खिडकीतल्या कुंडीतली.

मग ते सगळे आतल्या खोलीत गेले. भट्टीच्या पोलादी दारापुढे पेटी आणून ठेवली होती. भिंतीवर एक हिरवं बटण. तिथल्या माणसानं टॅबलेट आत आणला, तो पेटीकडे वळवला आणि अदबीनं विचारलं, “बटण कोण दाबणार आहे?”

उल्हास भिंतीशी उभा होता, मान खाली. शर्मिलानं त्याच्याकडे बघितलं, मग टॅबलेटकडे. त्या माणसानं थोडं थांबून पुन्हा विचारलं, की मी दाबू का.

“उल्हासदादा,” मृणालिनी म्हणाली. आवाज कोरडा होता.

तो पुढे झाला.

“मास्क काढा.”

त्याला नीट कळलं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला.

“तोंडावरचा मास्क काढा,” ती म्हणाली. “बाबांना अग्नी कोण देतंय, ते मला बघायचंय.”

उल्हासनं कानामागचे दोन्ही बंद सोडले आणि मास्क खिशात घातला. दाढी वाढलेली होती. तो तसाच तिच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं तिची नजर चुकवली नाही. बराच वेळ ती बघत होती. मग तिनं हात जोडले, त्याला की पेटीला ते त्याला समजलं नाही, आणि मान हलवली. त्यानं बटण दाबलं.